वाईत नव्यानं राहायला आलात? भिंतीवर दोन कॅलेंडरं लावा

गेल्या काही वर्षांत आमच्या वाईत बाहेरून राहायला येणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. कुणी निवृत्त होऊन येतं, कुणी बदलीवर, कुणी घरूनच काम करता येतं म्हणून पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन येतं. महिन्या-दोन महिन्यांत सामान लागतं आणि मग एक दिवस आमच्या दारात प्रश्न येतो, "काकू, इथं काय चाललंय ते कळतं कुठून?" पाण्याची वेळ बदलली, रस्ता बंद झाला, घाटावर उत्सव सुरू झाला, हे सगळं त्यांना घडून गेल्यावर कळलेलं असतं.

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा माझंही तसंच होतं. सासूबाईंनी पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवली, तीच आज नव्या शेजाऱ्यांना सांगते. वाईचं वर्ष दोन कॅलेंडरांवर चालतं. एक नगरपरिषदेचं, १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपणारं. दुसरं कृष्णामाईचं, म्हणजे आमच्या कृष्णा नदीचं, आणि देवांचं, तिथीवर चालणारं. पहिलं चुकलं तर भुर्दंड बसतो. दुसरं चुकलं तर गावात दहा वर्षं राहूनही माणूस पाहुणाच राहतो.

आधी हद्द बघा

पत्त्यात वाई लिहिलं म्हणजे घर वाई नगरपरिषदेतच असेल असं नाही. गावाच्या कडेनं वाढलेल्या वसाहतींमधली कितीतरी घरं शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत पडतात. एखाद्या रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषद आणि पलीकडे ग्रामपंचायत, असंही असतं. घरमालकाकडून किंवा बिल्डरकडून मागच्या वर्षीची घरपट्टीची पावती मागून घ्या. पावती ज्याची, हद्द त्याची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन्हीकडची वाट वेगळी आहे. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. मतदार यादीत नाव असलेला कुणीही तिथं उभा राहून विचारू शकतो. वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा त्यासाठी सगळ्यांच्या पाठ आहेत. नगरपरिषदेत अशी सर्वांची सभा भरत नाही. तिथं सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, म्हणून तुमचा विषय सभेआधी त्यांच्या कानावर गेलेला असावा लागतो. बहुतेक प्रभागांतून दोन नगरसेवक असतात. दोघांचीही ओळख करून घ्या. एक गावाला गेला असला तर दुसरा भेटतो.

मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष यांच्यातला फरकही नव्यांना कळत नाही. मुख्याधिकारी हे शासनानं नेमलेले अधिकारी, रोजचा कारभार त्यांच्या सहीनं चालतो. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडून दिलेले. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा, हे लक्षात ठेवलंत तरी निम्मी धावपळ वाचते.

घर घेतलं असेल तर दोन ठिकाणी नाव लावा

भाडेकरूंनी हा भाग सोडून पुढं जायला हरकत नाही. घर विकत घेतलेल्यांनी मात्र सावकाश वाचा.

खरेदीखताची नोंदणी झाली की सगळं झालं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. एक नाव लागतं नगर भूमापन कार्यालयात, मालमत्ता पत्रकावर. याला सगळे सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतात. दुसरं लागतं नगरपरिषदेच्या कर विभागात, कर आकारणीच्या नोंदवहीत. ही दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळी दप्तरं. खरेदीखताची प्रत, आधीच्या मालकाची कर भरल्याची पावती आणि ओळखपत्र घेऊन दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. विजेच्या बिलावरचं नाव ही तिसरी गोष्ट, तीही याच फेरीत उरकून टाका. आमच्या ओळखीत एका घराचं घरपट्टीचं बिल आठ वर्षं जुन्या मालकाच्या नावानं येत होतं. तो भला माणूस दरवर्षी आणून देत असे. तो वारला आणि मग थकबाकी, वारस, हरकत, सगळं एकदम समोर आलं.

मताचं नाव इथं आणा

जुन्या गावाच्या यादीत नाव ठेवून इथल्या रस्त्यांविषयी बोलण्यात अर्थ नाही. पत्ता बदलला असेल तर नमुना ८, पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर नमुना ६. पूर्वी अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायला फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलांना वर्षभर थांबावं लागत नाही. नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात. यादीचा मसुदा जाहीर झाला की आपलं नाव शेजारच्या प्रभागात तर गेलं नाही ना, हे हरकतींच्या मुदतीत बघायचं. मुदत संपल्यावर कुणाच्याही हातात काही नसतं.

राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. त्याआधी बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासकच होते. आपल्या प्रभागाचा माणूस सभेत बसलेला असणं म्हणजे काय, हे त्या रिकाम्या वर्षांनी आम्हाला चांगलं दाखवलं. मतदानाला गेलात की लक्षात ठेवा, इथं एकाला मत देऊन परत यायचं नसतं. प्रभागात दोन जागा असतील तर त्यांची दोन मतं आणि नगराध्यक्षाचं एक.

बातमी कुठून येते

सगळ्यात आधी नगरपरिषदेच्या आवारातला सूचना फलक. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं त्याच्यापुढं उभं राहा. हरकती-सूचना मागवणाऱ्या नोटिशी, कर आकारणी, लिलाव, निविदा, सगळं तिथं चिकटवलेलं असतं. दुसरी जागा म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दैनिकांतली जाहीर नोटिशींची पानं. तिसरी, भोंगा लावलेली रिक्षा. करवसुली असो, पाणी येणार नसो, की नदीचं पाणी वाढणार असो, रिक्षा गल्लीतून फिरते. खिडकी उघडून शेवटपर्यंत ऐका. पहिलं वाक्य ऐकून खिडकी लावली की तारीख निसटते.

चौथी जागा व्हॉट्सॲप. इथं जपून. एका उन्हाळ्यात "उद्या पाणी येणार नाही" असा नोटिशीचा फोटो माझ्याकडे आला आणि मी तो न वाचता आळीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी बादल्या, टिपं, पातेली भरून ठेवली. शेजारच्या आजींनी गुडघे दुखत असताना दोन मजले पाणी चढवलं. संध्याकाळी कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला तर नोटीस दोन वर्षांपूर्वीची. त्या आजींच्या पायऱ्या मला अजून बोचतात. तेव्हापासून कुठलीही नोटीस आली की आधी तीन गोष्टी बघते: जावक क्रमांक, तारीख आणि खाली सही कुणाची. तिन्ही नसतील तर पुढं पाठवत नाही.

एप्रिल ते जून

नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की घरपट्टीचं नवं बिल येतं. त्यात वृक्ष कर, शिक्षण कर अशा ओळी वेगळ्या असतात. बिल आल्यावर आधी नाव, क्षेत्रफळ आणि वापर तपासा. राहत्या घराला चुकून व्यापारी वापर लागला असेल तर लगेच लेखी अर्ज द्या. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागतो. महिन्याला २ म्हणजे वर्षाला २४. बँकेत ठेवीवर एवढं व्याज कुणी देत नाही, तेव्हा "बघू मार्चमध्ये" हा विचार महागात पडतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. त्या वर्षी हरकतींची नोटीस आली की ती मुदत वाया घालवू नका.

मे महिन्यात संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं आणि मराठी विश्वकोशाच्या कार्यालयाचं हे गाव. इथं भर उन्हाळ्यात लोक व्याख्यान ऐकायला आपापली जागा धरून बसतात. गावातली माणसं ओळखीची व्हायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नालेसफाई व्हायला हवी. तुमच्या घरापुढचं गटार तुंबलेलं असेल तर तक्रार मेच्या मध्यात द्या. पाऊस पडल्यावर दिलेली तक्रार रांगेत शेवटी लागते. जुन्या वाड्यात भाड्यानं राहत असाल तर धोकादायक इमारतींच्या नोटिशी याच सुमारास निघतात. भिंतीवर चिकटवलेली नोटीस फाडू नका, वाचा. पावसात भिजलेली मातीची भिंत पडताना आधी सांगत नाही.

नदीचे महिने

जुलै-ऑगस्ट हा वाईचा खरा कसोटीचा काळ. गावाच्या वर आठ-दहा किलोमीटरवर धोम धरण आहे. साठवण साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट. महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस लागला की धरण भरत येतं आणि मग पाणी सोडतात. त्याची सूचना येते ती अशी: "धोम धरणाच्या सांडव्यावरून अमुक क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." नव्या माणसाला या आकड्याचा अंदाज येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाखांहून जास्त लिटर. आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या २८० टाक्या, एका सेकंदात.

जुनी माणसं आकडा ऐकतात आणि मग घाटावर जाऊन पायऱ्या मोजतात. माझे सासरे रात्री कंदील, पुढं बॅटरी घेऊन जायचे आणि परत आल्यावर एवढंच सांगायचे, "अजून सहा उरल्यात." तासाभरानं पुन्हा जायचे. चार उरल्या म्हटलं की तळघरातलं धान्य वर यायचं. पाणी चढताना आवाज फारसा होत नाही. पायरीच्या कडेला आधी काटक्या आणि फेसाची रेघ येते, मग पायरी ओली दिसते, मग दिसेनाशी होते.

ढोल्या गणपतीच्या मंदिराला मागच्या बाजूनं एकदा फेरी मारा. हे मंदिर १७६२ साली रास्त्यांनी बांधलं. मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा दोन्ही बाजूंना फुटून जावा म्हणून. ज्यांनी बांधलं त्यांना नदी कुठवर येते हे माहीत होतं. नदीकाठी घर बघत असाल तर एजंटाला विचारू नका, शेजारच्या सत्तरीच्या माणसाला विचारा की पाणी कुठल्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

या दिवसांत काय करायचं ते थोडक्यात. विसर्गाची सूचना आली की गाडी नदीकाठावरून काढा. घाटावर फोटो काढायला मुलांना पाठवू नका. कागदपत्रं पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पाणी गढूळ येतं, महिनाभर उकळून प्या. आणि तळमजल्यावर एकटं राहणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर रात्री झोपण्यापूर्वी एकदा त्याच्या दाराशी जाऊन या.

गणपती ते त्रिपुरी

मंडळ काढायचं किंवा सोसायटीपुढं मांडव घालायचा असेल तर नगरपरिषदेची परवानगी, पोलिसांची परवानगी आणि विजेची तात्पुरती जोडणी लागते. अर्ज निदान पंधरा-वीस दिवस आधी द्या. विसर्जनाच्या वेळी कृत्रिम तलाव आणि निर्माल्याची सोय कुठं आहे, हे आधीच विचारून ठेवा. आपण ज्या नदीला माई म्हणतो, तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट हार सोडायचा, हे मला पाहवत नाही. तसंही एकदा वापरून फेकायच्या पिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड आहे. बाजाराला जाताना कापडी पिशवी घ्या.

दिवाळी घरोघरी असते, ती कुणी शिकवायला नको. पण कार्तिकी पौर्णिमेला, त्रिपुरीला, संध्याकाळी घाटावर या. पायऱ्यांवर पणत्या लागतात. येताना घरून दोन पणत्या, वात आणि तेल घेऊन या.

पौषातली वाहतूक

शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, साधारण जानेवारीत. रस्ते वळवलेले असतात, एसटीच्या वेळा बदलतात, घाटात खासगी गाड्यांवर निर्बंध असतात. नवे लोक वैतागतात. त्यांना एवढंच सांगते की २५ जानेवारी २००५ ला त्या गडावर चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. त्या रात्री वाईतल्या कितीतरी घरांत चूल पेटली नव्हती. आज जी शिस्त लावतात, ती त्या दिवसामुळं. या आठवड्यात सातारा-पुण्याला जायचं असेल, दवाखान्याची वेळ असेल, तर वाहतुकीचं पत्रक वर्तमानपत्रात येतं ते कापून फ्रिजवर लावा.

तक्रार कशी द्यायची

हे वर्षभर लागतं म्हणून इथं मध्येच सांगते. तोंडी सांगितलेली तक्रार हवेत जाते. साध्या कागदावर लिहा, दोन प्रती करा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन या. या पोचेशिवाय पुढची कुठलीच पायरी चढता येत नाही. दाखल्याला उशीर होत असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणं प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे आणि वर अपील आहे. माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचं शुल्क, ३० दिवस. त्यापुढं जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो.

आणि बाळ जन्मलं असेल तर २१ दिवस विसरू नका. त्यात नोंद झाली की काही लागत नाही. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. दवाखान्यानं कळवलंय ना, नाव आणि आईवडिलांच्या नावांची अक्षरं बरोबर आहेत ना, हे स्वतः जाऊन बघा.

माघ, फाल्गुन आणि मार्च

फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक मांडतात. तुमच्या गल्लीतला दिवा, गटार किंवा बाग पुढच्या वर्षी व्हावी असं वाटत असेल तर डिसेंबर-जानेवारीतच नगरसेवकाला लेखी द्या. त्याच सुमारास वसुलीची पथकं फिरू लागतात आणि मार्चअखेर नळ तोडण्याच्या नोटिशी निघतात.

पण या दिवसांत गावाचं मन तिथं नसतं. माघापासून पुढं महिना-दीड महिना कृष्णामाईचा उत्सव चालतो. वाईला सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. सगळ्या आळ्यांचा उत्सव एकदम नसतो, एकामागून एक असतो. घाटावर मांडव पडतो, माईची स्थापना होते, कीर्तन, प्रवचन, हळदीकुंकू, प्रसाद. अफजलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून शेंडे शास्त्रींनी कृष्णेला नवस केला आणि तेव्हापासून उत्सव सुरू झाला, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

आपण कुठल्या आळीत मोडतो हे शेजाऱ्यांना विचारा आणि त्या आळीच्या उत्सवाच्या आधी आठवडाभर वर्गणी घेऊन स्वतः जा. वर्गणी मागायला येतील याची वाट बघू नका. वर्गणीहून मोठी गोष्ट म्हणजे हात. भाजी निवडायला, पानं मांडायला, वाढायला माणसं कमीच पडतात. पहिल्या वर्षी मला पाण्याचा तांब्या दिला होता. वाकून दोन पंगतींना पाणी वाढलं, कंबर मोडली, पण दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत तीन बायकांनी नावानं हाक मारली. तोवर मी फक्त "त्यांची सून" होते.

रंगपंचमीला शेजारच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड निघतं. बगाड म्हणजे नवसाच्या माणसाला, बगाड्याला, उंच लाकडाला टांगून नेणारा गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरपासून बैल जुंपून ते गावाकडे ओढत नेतात, "काशिनाथाचं चांगभलं" म्हणत. बगाड्या कोण, हे होळीच्या पौर्णिमेला देवळात कौल लावून ठरतं. त्या दिवशी सातारा रस्त्यानं जायचं काम ठेवू नका, वाहतूक वळवलेली असते. बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर चालत जा, टोपी आणि पाणी बरोबर घ्या, आणि बैलांच्या वाटेतून बाजूला, बांधावर उभे राहा.

एक तारीख आतापासून डोक्यात ठेवा. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा वाईत कन्यागताचा पर्वकाळ असतो, दर बारा वर्षांनी. मागचा २०१६ ला झाला, म्हणजे पुढचा २०२८ ला. त्या वर्षी गावात पाहुणे, गाड्या, घाटावर गर्दी, सगळंच वाढेल. घरी वरची खोली रिकामी असेल तर ती भाड्यानं देण्याआधी नातेवाइकांना विचारून घ्या, कारण पुण्याचे सगळे मावशी-काका तेव्हा तुमच्याकडेच उतरणार आहेत.